दिवसा गोष्ट सांगू नये

लोहारा, यवतमाळ
रविवार

प्रिय राजदीप,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन थांबलं. खोडून टाकावं असं मनात आलं होतं. मग राहू दिलं, कारण लहानपणी बाबांनी पत्र लिहायला शिकवलं तेव्हा हाच शब्द पाटीवर गिरवून घेतला होता, आणि तो लिहिल्याशिवाय माझा हात पुढे चालत नाही. तेव्हा त्याचा उगीच मोठा अर्थ काढून खूश होऊ नकोस. मी रागावलेली आहे. एरवी रविवारी या वेळेला मी प्राणी उद्यानात सतरंजीवर बसून मुलांना गोष्ट वाचून दाखवत असते. आज घरात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. सोलता सोलता राग इतका चढला की तुझे भाऊजी म्हणाले, त्या शेंगांनी तुझं काय घोडं मारलंय? खरंच आहे. ज्याच्यावर रागवायचं तो पुण्यात, आणि मी तुरीवर कशाला चवताळू? म्हणून सूप बाजूला सरकवलं आणि तुला लिहायला बसले.

तुला यातलं काहीच माहीत नसणार. माहीत व्हायला फोन उचलावा लागतो, आणि उचलायला आधी नंबर चालू ठेवावा लागतो. असो. आमच्या लोहाऱ्याच्या पुढे, कारखान्यांच्या शेडी संपतात तिथून थोडं आत, एक लहानसं प्राणी उद्यान झालंय. फार मोठं काही समजू नकोस. चितळांचा कळप, मोर, एक अस्वल, सायाळी, सहसा जागचा न हलणारा एक म्हातारा बिबट्या, आणि डबक्यात एक मगर. ती खरी आहे की प्लॅस्टिकची, यावर येणारा प्रत्येक माणूस पैज लावतो. बाहेरच्या एका संस्थेनं तिथे रविवारी मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू केला. प्राण्यांची मोठाली चित्रांची पुस्तकं, आणि ज्या प्राण्याची गोष्ट असेल त्याच्याच पिंजऱ्यासमोर बसून ती वाचायची. मी बालवाडीत शिकवते म्हणून मला विचारलं. मी दुसऱ्यांदा विचारायची वाटसुद्धा पाहिली नाही. उद्घाटनाला पाहुण्यांनी वन्यजीवांवर एवढं लांबलचक भाषण ठोकलं की मुलं जागेवरच पेंगली आणि तो न हलणारा बिबट्या उठून आतल्या खोलीत निघून गेला. पुस्तकांचं पहिलं खोकं उघडलं तर त्यात पेंग्विन, झेब्रा आणि कांगारू. शेजारचा आयुष मला विचारतो, “मॅडम, पेंग्विन कोण्या पिंजऱ्यात हाय?” त्याला काय मगर दाखवू? मी संस्थेच्या संचालिका बाईंना फोन करून भांडले, तेव्हा कुठे दुसऱ्या खोक्यात अस्वल आणि सायाळ आली.

पण एकदा सुरू झालं आणि मग काय रंगलं म्हणून सांगू! पुस्तक छातीशी धरायचं, चित्रं मुलांकडे, आणि मजकूर मला पाठ. अस्वलाची पाठ खाजते आणि त्याला जंगलातलं कुठलंच झाड पुरत नाही, ही गोष्ट मी सांगत होते तेव्हा आपलं अस्वल खरोखरच जाळीला पाठ घासायला आलं. मुलं अशी ओरडली की तिकीट खिडकीवरचा माणूस धावत आला. आणि आपल्याकडे गोष्टीला हुंकार लागतो, हे मी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. समोरून “हूं” आलं नाही तर पान उलटणार नाही. या हुंकाराची म्होरकी कोण, तर तुझी भाची. सलोनी अगदी पुढे, मांडी घालून, माझ्या तोंडाकडे पाहत बसायची आणि प्रत्येक वाक्याला असा दमदार “हूं” द्यायची की मागची पोरं तिच्या मागोमाग हूं म्हणायची. शहरातून मोटारीतून येणाऱ्या मुलांना आधी हे गावंढळ वाटलं. पुढे तीच सगळ्यांत मोठ्यानं हूं म्हणू लागली. मला रविवारची ओढ लागायची. आठवडाभर घरचं, बालवाडीचं, सर्वेक्षणाचं काम करून थकलेली मी त्या सतरंजीवर बसले की पुन्हा माणसात येत असे.

तो तास बंद पडला. माझ्यासाठी तरी पडलाच. आणि तो का पडला हे तुला नीट सांगणार आहे, मध्ये उठून चहाला जाऊ नकोस.

झालं असं की मध्यंतरी एका रविवारी सायाळीच्या पिल्लाची गोष्ट होती. पिल्लू कंद शोधायला बिळाबाहेर पडतं, पुढे वाटेला फाटे फुटतात. पानभर तीन वाटा काढल्या होत्या, फार देखणं चित्र. मी वाचलं, ‘आणि पिल्लू वाट चुकलं’, आणि हुंकाराची वाट पाहत थांबले. हुंकार आला नाही. मला वाटलं ही चित्रात रमली असेल. मान वाकवून पुस्तकावरून पाहते तर सलोनी दोन्ही कानांवर हात दाबून बसलेली, डोळे घट्ट मिटलेले. मी तिला हाक मारायच्या आत ती उठली, माझ्या हातातलं पुस्तक ओढलं, मिटलं, आणि चक्क त्याच्यावर बसली. मग सगळ्या मुलांकडे तोंड करून ओरडली, “ऐकू नोका! दिवसा गोष्ट ऐकू नोका! तुमचे मामा वाट चुकतीन!”

तुला हसू येत असेल. तिथेही आधी सगळे हसलेच. मोठी माणसं तर फारच हसली, कारण हे वाक्य ऐकून न वाढलेलं माणूस त्या जाळीच्या अलीकडे एकही नव्हतं. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आपल्याला कुणी आणि कधी सांगितलं ते आठवतसुद्धा नाही, इतकं ते लहानपणीच आत जाऊन बसलेलं असतं. कामाच्या वेळी पोरं गोष्टी ऐकत बसू नयेत म्हणून कुण्या शहाण्या बाईनं काढलेली ती युक्ती, दुसरं काय. पण लहान मुलांना हे कोण समजावणार? एका चिमुरड्यानं “माहा मामा आज घरी येऊन राह्यला!” म्हणून भोकाड पसरलं. त्याचं पाहून दुसरं, दुसऱ्याचं पाहून तिसरं. सायाळ बिचारी घाबरून काटे फुलवून कोपऱ्यात गेली. गोष्ट तिथेच राहिली, पिल्लू वाट चुकलेलंच राहिलं, आणि मी माझ्या पोरीला दंडाला धरून बाहेर आणलं.

आता खरी गंमत ऐक. त्या भोकाड पसरणाऱ्या मुलाचा मामा त्या दिवशी उमरखेडहून येणार होताच. त्याला गाडीत लागली झोप. यवतमाळचा स्टँड येऊन गेला, हा घोरतोय. कंडक्टरनं उठवलं ते थेट कळंबला. तिथून परतीची गाडी मिळून बुवा घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती, आणि तोवर सगळ्या लोहाऱ्यात बोभाटा झाला होता की शाळेमागच्या गल्लीतल्या पोट्ट्याचा मामा वाट चुकला. सकाळी हसणाऱ्या बायांनी दुपारी एकेक करून आपापल्या भावांना फोन केले. कुठं हायेस, पोचला का, जेवला का. त्यात एक शिक्षिका होती, एक नर्सबाई होती, एकीचा नवरा पोलिसात आहे. मला पुढच्या आठवड्यात एकेकीनं हळूच सांगितलं, आपला काही विश्वास नाही हो, पण मन मानत नाही. रविवारी सतरंजीवर माझ्यासमोर आयुष आणि त्याची बहीण, एवढीच मुलं. आयुषला कुणी मामाच नाही, म्हणून त्याला पाठवलं होतं.

यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण संचालिका बाईंचा फोन आला. काय म्हणाल्या माहिती आहे? म्हणाल्या, या उपक्रमातून वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवायचाय आणि तुमची मुलगीच अंधश्रद्धा पसरवते आहे, घरातलं वातावरण जरा बघा. घरातलं वातावरण! मला म्हणाल्या! राजदीप, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की फोन हातातून फेकायचा राहिला. आपलं घर कोणतं, तर ज्यात मांजर आडवं गेलं की बाबा आपल्याला मुद्दाम त्याच रस्त्यानं दोनदा चालायला लावायचे. अमावस्येला नवं काम सुरू करायचे. शेजारच्यांनी दारावर लटकवलेलं लिंबू काढून आणून आईला त्याचं सरबत करायला लावलं होतं, आणि आपण दोघं ते पिऊन रात्रभर मरायची वाट पाहत जागे होतो, आठवतं? बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून अभ्यास केलेली माणसं आपण. आणि ज्यांनी मला पेंग्विनचं पुस्तक धाडलं त्या मला वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवतात. शेवटी त्या म्हणाल्या की तुम्ही येत जा, पण मुलीला आणू नका, इतर मुलांवर परिणाम होतो. मी म्हटलं, मग मीही येत नाही. फोन ठेवला. तेव्हापासून घरी आहे. दुसरी कुणी मुलगी नेमली आहे म्हणे, ती पुस्तक स्वतःकडे तोंड करून वाचते.

राग संचालिका बाईंवर काढून झाला, पण त्यानं सलोनीचं काय होणार? ती तासापुरती बिथरली असती तर मी समजून घेतलं असतं. ती गोष्टच ऐकेनाशी झाली. माझी पोरगी, जी जेवताना एक, झोपताना एक आणि वेणी घालताना एक अशा गोष्टी वसूल करायची, ती गोष्टीचं नाव काढलं की कान झाकते. रात्री सांगते म्हटलं तरी नको. शाळेतून निरोप आला की मराठीच्या तासाला बाईंनी धडा वाचायला घेतला की ही पाणी प्यायला म्हणून बाहेर पळते. त्यात ससा आला, कावळा आला की झालं, ही वर्गाबाहेर. दोनदा शिक्षा झाली तरी पळाली. तुझ्या भाऊजींनी समजावलं, मी समजावलं, रागावलेही. अळीमिळी गुपचिळी. एकदा तर एक धपाटाही घातला आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढ्याशा पोरीच्या पोटात असं काय दडलंय जे आईला सांगता येत नाही?

ते सांगितलं तिनं हंसाबाईला. ही हंसाबाई उद्यानाच्या फाटकासमोर बोरांची पाटी घेऊन बसते, तांड्यावरून येते. सलोनीची आणि तिची जुनी दोस्ती. मी माझी सतरंजी परत आणायला गेले होते (ती माझ्या घरची होती, संस्थेला कशाला ठेवू?) आणि सलोनीला पाटीजवळ सोडून आत गेले. परत येते तर पोरगी हंसाबाईच्या ओटीत तोंड खुपसून हुंदके देतेय आणि हंसाबाई माझ्याकडे अशी पाहतेय की मीच तिला मारून आले. म्हणाली, “पोरीले बोलू नोको व बाई. तिले वाटते का तिचा मामा तिच्याच पायी हारपला.”

मला काही कळेना. मग तिथेच फाटकासमोर, बोरांच्या पाटीशेजारी बसून, मी सगळं काढून घेतलं, आणि तू आता जिथे असशील तिथे नीट बसून वाच. तू मागच्या खेपेला आलास, चौदा एप्रिलला. उमरखेडला घरी मिरवणूक केलीस, आईला घेऊन आमच्याकडे राहायला आलास, आणि पुण्याची गाडी पकडायला आपण सगळे यवतमाळच्या स्टँडवर गेलो. गाडीला उशीर होता. मी आणि तुझे भाऊजी तुला बांधून द्यायला काही खाऊ घ्यायला गेलो. मागे बाकावर तू, आई आणि सलोनी. तिनं तुझ्याकडे हट्ट धरला की गोष्ट सांग. भर दुपार होती. आई म्हणाली, “दिवसा गोष्ट सांगू नोको रे, मामा वाट चुकते.” आणि तू हसलास. तू म्हणालास, “मीच तं मामा हाव, आन् मीच सांगून राह्यलो. मी कायले वाट चुकतो?” मग तू तिला नीलगाईची गोष्ट सांगायला सुरुवात केलीस. ती हूं म्हणत गेली, तू सांगत गेलास. गाडी आली. उरलेली आल्यावर सांगतो म्हणालास, तिच्या गालाचा पापा घेतलास आणि चढलास. यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तू आला नाहीस. आधी अभ्यास चालू आहे म्हणायचास, मग मेसेजला अंगठा पाठवायचास, मग नंबरच बंद झाला. आणखी दोन चौदा एप्रिल आले आणि गेले. आम्ही मोठ्यांनी काय तर्क करायचे ते केले. या लेकरानं काय केलं असेल? तिनं काहीच केलं नाही, मामा येईल म्हणून वाट पाहिली. मग त्या सायाळीच्या रविवाराआधी सुट्टीत उमरखेडला गेली असताना दुपारी तिनं आजीला गोष्ट मागितली. आईनं तेच वाक्य फेकलं. सलोनीनं विचारलं, “खरंच चुकते?” आणि आपली आई तूर पाखडता पाखडता, तोंड वर न करता म्हणाली, “मंग? चुकतेच तं.” झालं. पोरीच्या डोक्यात हिशोब जुळला. मामानं दिवसा गोष्ट सांगितली, ती आपण मागितली होती, म्हणून मामा हरवला. एवढ्यावर ती थांबली नाही, तेवढी ती तुझी भाची आहेच. रविवारमागून रविवार आपण दिवसाढवळ्या गोष्टी ऐकत होतो, सगळ्यांत मोठ्यानं हूं म्हणत होतो, म्हणजे तो दर रविवारी आणखी पुढे गेला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिनं मला विचारलं, “आई, आता मामा कोण्या गावाले पोचला असन?”

सांग, राजदीप. कोणत्या गावाचं नाव घ्यायचं होतं मी?

त्याच दिवशी मी आईला फोन लावला आणि नाही नाही ते बोलले. बाबांच्या संसारात इतकी वर्षं काढून तुला हेच शिकवायचं होतं का, असंसुद्धा बोलले. ती बिचारी एवढंच म्हणाली, “माह्या मायनं मले सांगतलं, म्या तुमाले सांगतलं. मले काय माईत पोट्टी मनावर घेईन.” मला नंतर वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही. तिच्यावरचा राग ओसरला, कारण तो तिच्यासाठी नव्हताच. तो तुझा होता. संचालिका बाई, आई, कळंबला उतरलेला तो झोपाळू मामा, ही सगळी माणसं तुझ्या वाट्याचा राग खाऊन गेली. तू मात्र तिकडे पुण्यात सहीसलामत.

आता तू म्हणशील की ताईला पत्ता कुठून मिळाला. महागावच्या मामींचा ऋतिक यंदा पुण्याला परीक्षेची तयारी करायला गेला. त्यानं एका अभ्यासिकेत जागा घेतली, तर तिथे मुलांना खुर्च्या नेमून देणारा, दिवे-पंखे पाहणारा, किल्ल्या सांभाळणारा माणूस ओळखीचा वाटला. त्यानं हाक मारली तर त्या माणसानं तोंड फिरवलं आणि जिन्यानं वर निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून ऋतिकची पाळी आली की तो माणूस जागेवर नसतो. लाज वाटली तुला? कशाची रे? तिथे प्रामाणिकपणे काम करतोस, कुणाच्या ताटातलं खात नाहीस. लाज त्या लहान पोराकडे पाहून तोंड फिरवल्याची वाटायला हवी होती. तो महागावला आला तेव्हा त्याचाच चेहरा उतरला होता, जणू त्यानंच काही चूक केली. तुझी ही कला मात्र दांडगी आहे. निघून तू जातोस आणि अपराधी लहान मुलांना वाटतं.

मला ठाऊक आहे तू का येत नाहीस. तुला वाटतं उमरखेडच्या चौकात पाय ठेवला की प्रत्येक जण विचारेल, काय साहेब, लागला का नंबर? विचारतील. दोन दिवस विचारतील, तिसऱ्या दिवशी कापसाच्या भावावर बोलायला लागतील. कुणाचा जन्म तुझ्या निकालावर अडलेला नाही. बाबा माझा मुलगा तहसीलदार होणार म्हणून सांगत फिरायचे, त्याचं ओझं तुला झालं, हेही समजू शकते. मग त्यांना येऊन दोन शब्द सुनवायचे होतेस. घरात कडाक्याचं भांडण झालं असतं, आई मध्ये पडली असती, आणि संध्याकाळी सगळे एकत्र जेवलो असतो. ऋतिकनं सांगितलं तेव्हा बाबा काय म्हणाले ते तुला कळायला हवं. मला वाटलं संतापतील. खुर्चीत बसून बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, “नंबर नाही लागला तं नाही लागला. घर काय परीक्षेचं सेंटर हाय का, हॉलतिकीट दाखवूनच आत यावं लागते?” आणि मग उठून मागच्या अंगणात गेले. आई म्हणते तिथे उभे राहून ते रडले. मी पाहिलं नाही, त्यामुळे माझ्या नावावर खपवू नकोस.

तरीही तू येऊन आम्हाला भेटावंस म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. आम्ही मोठे आहोत, रागावून, कुढून, एकमेकांवर ओरडून दिवस काढू. मी लिहिलंय ते सलोनीसाठी. मी तिला आज, आत्ता जवळ घेऊन सांगू शकते की गोष्टीनं कुणाचा मामा वाट चुकत नाही. तिला ते पटेलही, हुशार आहे. पण मग तिचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. मग मामा काहून नाही आला? त्यावर काय बोलू? की मामाला वाट नीट ठाऊक आहे, यवतमाळची गाडी पुण्याहून रोज सुटते, आणि तो तिच्यात बसत नाही? आज तिला वाटतं तिच्यामुळे तू हरवलास, आणि तो विचार तिला आतून पोखरतो आहे. पण तू कुठल्यातरी रस्त्यावर आहेस आणि तिच्याकडेच यायची धडपड करतो आहेस, ही तिची खात्री अजून शाबूत आहे. खरं सांगितलं तर तिचा अपराधीपणा जाईल आणि त्यासोबत ती खात्रीही जाईल. एक घालवून दुसरी राखता येत नाही, ते जमेल फक्त तू दारात येऊन उभा राहिलास तर. कोणत्या आईवर अशी निवड करायची वेळ आणावी रे भावानं? मी पुढच्या रविवारपर्यंत थांबते. तू ये आणि का आला नाहीस ते तिला तुझ्या तोंडानं सांग, हवं तर परीक्षेचंही सांग, ती तुला नंबर विचारणार नाही. नाही आलास, तर रविवारी मी तिला खरं काय ते सांगून टाकणार. माझ्या लेकीच्या डोक्यावरचं ओझं मला उतरवायचं आहे, मग त्यात तिचा मामा कायमचा गेला तरी चालेल.

रागावलेली, तरी तुझीच,
करुणाताई